ब्रेक कधी मारायचा, हे ठरवलं कुणी?

ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या गाड्यांचा विषय निघाला की दहा मिनिटांत कुणीतरी तो प्रश्न काढतोच. ब्रेक फेल झालेत, समोर एक म्हातारी आणि एक शाळकरी पोरगा, गाडीने कुणाला उडवायचं? मग चहा गार होईस्तोवर वाद, म्हातारीचं जगून झालंय, पोराचं अख्खं आयुष्य पुढे आहे, पण म्हणून काय म्हातारीला मारायचं का वगैरे वगैरे. प्रश्न तसा जुना आहे, फिलिपा फूट नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाईंनी १९६७ मध्ये बेकाबू सुटलेल्या ट्रामचं उदाहरण घेऊन मांडलेला, आणि एमआयटीवाल्यांनी त्याचीच ऑनलाइन आवृत्ती काढली 'मॉरल मशीन' नावाची, तिच्यावर २३३ देश आणि प्रदेशांतल्या लोकांनी मिळून जवळजवळ चार कोटी वेळा बटण दाबून कुणाला मारायचं ते सांगितलं. २०१८ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात त्याचा शोधनिबंध आला आणि पेपरवाल्यांना वर्षभर पुरेल एवढा मसाला मिळाला.

मला हा सगळा प्रकार टाइमपास वाटतो. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ठीक आहे, पण रस्त्यावरची गाडी असा विचार करतच नाही. तिला म्हातारी दिसत नाही आणि पोरगाही दिसत नाही, तिला दिसतो ठिपक्यांचा एक गठ्ठा आणि तो माणूस असण्याची अमुक टक्के शक्यता. जर्मनीच्या सरकारी समितीने तर २०१७ मध्येच सांगून टाकलं की वय, लिंग असल्या गोष्टी बघून कुणाला वाचवायचं हे गाडीने ठरवायचंच नाही. तिथे तो विषय मिटला.

पण म्हणून गाडीत नैतिक निर्णय नसतात असं नाही, भरपूर असतात. फक्त ते अपघाताच्या क्षणी घेतलेले नसतात, ते वर्षभर आधी एखाद्या एसी ऑफिसात, डेमोची तारीख जवळ आलेली असताना, चार इंजिनिअर आणि एक मॅनेजर यांनी आकड्याच्या रूपात टाकलेले असतात. आणि त्या आकड्यांवर कुणीच वाद घालत नाही कारण ते कुणाला दिसतच नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की वाद घालायचा तर या आकड्यांवर घाला, आणि त्यासाठी आधी ते आकडे बाहेर काढा.

गाडी करते काय ते थोडक्यात सांगतो. टपावर लायडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, चहूबाजूंना कॅमेरे, रडार, यांच्याकडून सेकंदाला कितीतरी वेळा आजूबाजूचं चित्र येत राहतं. सॉफ्टवेअर त्यातल्या प्रत्येक वस्तूला लेबल लावतं, गाडी, सायकल, माणूस, इतर, आणि किती खात्रीने लावलं तेही नोंदवतं. मग ती वस्तू पुढच्या काही सेकंदांत कुठे असेल याचे अंदाज, एक नाही, अनेक. मग प्लॅनर नावाचा भाग स्वतःसाठी ढीगभर वाटा तपासतो आणि प्रत्येकीला मार्क देतो, धडकेची शक्यता किती, आत बसलेल्याला झटका किती बसेल, उशीर किती होईल, मागचा येऊन आदळेल का, आणि या सगळ्याची बेरीज करून जी वाट स्वस्तात पडते ती घ्यायची. आता झटक्याला किती मार्क आणि धडकेला किती, हे कुणीतरी ठरवलेलं असतं. नव्या सिस्टीम तर म्हणतात आम्ही हाताने काही ठरवतच नाही, माणसांचं ड्रायव्हिंग बघून मशीन आपोआप शिकतं, पण कुठल्या माणसांचं, कुठल्या शहरातलं, आणि त्यातलं चांगलं ड्रायव्हिंग कोणतं हे ठरवणारा परत माणूसच ना?

हे सगळं नीट कळायला एक अपघात सावकाश बघावा लागतो. १८ मार्च २०१८, अमेरिकेत ॲरिझोना राज्यातलं टेम्पी शहर, रात्रीचे दहा वाजत आलेले. उबरची टेस्टिंगची व्होल्वो एक्ससी ९० कॉम्प्युटरवर चाललेली, वेग साधारण ताशी ७० किलोमीटर. ४९ वर्षांची एक बाई सायकल हातात धरून, चालत, रस्ता क्रॉस करत होती. झेब्रा क्रॉसिंग तिथून सव्वाशे-एक पावलांवर होतं, पण गंमत अशी की ती जिथून निघाली त्या डिव्हायडरवर विटांची छान फरसबंद पायवाट केलेली होती आणि वर पाट्या लावलेल्या की इथून क्रॉस करू नका. म्हणजे वाट पण आम्हीच बांधणार आणि चालू नका पण आम्हीच सांगणार, आपल्याकडचे नगरसेवकच तिकडे गेले होते की काय असं वाटावं.

गाडीला ती बाई धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. हे वाक्य परत वाचा. त्या वेगाला ५.६ सेकंद म्हणजे शंभराहून जास्त मीटर, आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला तर गाडी तीसेक मीटरमध्ये उभी राहते. तरी ती थांबली नाही, कारण दिसणं आणि समजणं या दोन गोष्टी वेगळ्या. आधी सिस्टीम म्हणाली ही गाडी आहे, मग म्हणाली 'इतर', मग परत गाडी, परत इतर, मग सायकल. लेबल बदललं की मागची हालचाल पुसून टाकायची आणि नव्याने सुरुवात करायची असं प्रोग्राममध्ये होतं, त्यामुळे डावीकडून उजवीकडे सलग चालत आलेली बाई तिच्या हिशेबात दरवेळी जणू आत्ताच तिथे उगवलेली. आणि झेब्रा सोडून माणूस रस्ता क्रॉस करतो ही शक्यता त्या सिस्टीमच्या डिझाइनमध्ये धरलेलीच नव्हती. हे मी माझं तिखट-मीठ लावून सांगत नाहीये, अमेरिकेच्या एनटीएसबी या तपास संस्थेच्या २०१९ च्या अहवालात हे आहे.

पण त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. धडकेच्या १.२ सेकंद आधी सिस्टीमला कळलं की आता ही टक्कर होणार. आणि मग तिने एक सेकंद काहीही केलं नाही. बिघाड नव्हता तो, मुद्दाम तसं ठेवलेलं होतं. गाडी उगाचच ब्रेक मारायची, उडणारी प्लॅस्टिकची पिशवी दिसली तरी मारायची, म्हणून ठरवलं की धोका दिसला तरी एक सेकंद थांबायचं, खात्री करायची, तेवढ्यात सेफ्टी ड्रायव्हर, म्हणजे लक्ष ठेवायला सीटवर बसवलेला माणूस, बघेल काय ते. लांडगा आला रे आला असं सारखं ओरडणाऱ्या पोराच्या तोंडाला एक सेकंदाची पट्टी लावली. व्होल्वोचे स्वतःचे कंपनी-फिटेड इमर्जन्सी ब्रेक होते, ते कॉम्प्युटर मोडमध्ये बंद केलेले. आणि सेफ्टी ड्रायव्हर बाई मोबाइलवर टीव्हीचा कार्यक्रम बघत होत्या. आधी प्रत्येक गाडीत दोन माणसं असायची, काही महिने आधी एक कमी केलेला.

पुढे काय झालं? सरकारी वकिलांनी २०१९ मध्ये सांगितलं कंपनीवर फौजदारी गुन्हा बनत नाही. ड्रायव्हर बाईंवर खटला भरला, २०२३ मध्ये त्यांनी जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा कबूल केला, तीन वर्षांचं प्रोबेशन. ज्याने तो एक सेकंद टाइप केला त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. आणि मी म्हणत नाही की त्याला जेलमध्ये टाका, बिचाऱ्याला वरून सांगितलं असेल की गाडी फार धक्के मारते, काहीतरी कर. मी एवढंच म्हणतो की तो एक सेकंद ही एका चालणाऱ्या बाईच्या जिवाची आणि आत बसणाऱ्याच्या आरामाची देवाणघेवाण होती, आणि ती करताना चालणाऱ्यांच्या बाजूने बोलायला त्या खोलीत कुणीही नव्हतं. आत बसणारा गिऱ्हाईक असतो, त्याला मळमळलं तर तो रेटिंग देतो. बाहेरचा कोण? तो तर ॲपवर पण नाही.

हे फक्त उबरचं नाही. टेस्लाने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये सोय दिली होती की स्टॉपच्या पाटीपाशी आजूबाजूला कुणी दिसत नसेल तर पूर्ण न थांबता हळूहळू सरकत पुढे जायचं, ताशी नऊ किलोमीटरपर्यंत. लोक असंच चालवतात ना, मग गाडीनेही तसंच चालवावं. फेब्रुवारी २०२२ मध्ये ५३,८२२ गाड्यांसाठी रिकॉल काढून ते बंद करावं लागलं. वेमो या बिनड्रायव्हरच्या टॅक्सी चालवणाऱ्या कंपनीच्या गाड्या आधी इतक्या सभ्य होत्या की मागचे लोक हॉर्न मारून वैतागायचे, तर २०२५ मध्ये कंपनीच्या लोकांनी स्वतःच सांगितलं की आता आम्ही त्यांना जरा धीट केलंय. त्याच्या आधी, २०२४ च्या शेवटी, वॉशिंग्टन पोस्टच्या एका पत्रकाराने सॅन फ्रान्सिस्कोत आपल्या घराजवळच्या झेब्रावर उभं राहून बघितलं तर या गाड्या त्याच्यासाठी बऱ्याचदा थांबतच नव्हत्या. आता धीट म्हणजे किती धीट? झेब्रावर एक पाय टाकलेल्या माणसासमोरून गाडी काढायची का नाही? हा प्रश्न म्हातारी की पोरगा यापेक्षा हजारपट खरा आहे, रोज लाखो वेळा येतो, आणि त्याचं उत्तर एका कंपनीच्या अपडेटमध्ये रात्रीतून बदलतं.

धीट करण्यामागे एक खरी अडचण आहे, ती उडवून लावून चालणार नाही. माणसाला कळलं की ही गाडी काहीही झालं तरी थांबते, तर तो बिनधास्त समोर जाणार. ॲडम मिलर्ड-बॉल नावाच्या संशोधकाने २०१८ मध्ये हेच मांडलं की रस्ता क्रॉस करणं हा एक प्रकारचा 'कोण आधी घाबरतो' असा खेळ आहे, आणि एक खेळाडू कधीच दामटत नाही हे पक्कं ठाऊक झालं की दुसरा दरवेळी जिंकतो, मग शहराच्या मध्यभागी अशा गाड्या अडकूनच पडतील. रोबोटिक्सवाल्यांकडेही याचं एक रूप आहे, गर्दीत प्रत्येक माणसाच्या प्रत्येक संभाव्य हालचालीला घाबरणारा रोबो शेवटी जागेवरच गोठतो.

हे वाचून मला हसू आलं कारण हा खेळ आपण रोज खेळतो. संध्याकाळी सात वाजता पुण्यात नळ स्टॉपला उभं राहून बघा. साठी ओलांडलेली एक बाई, एका हातात भाजीची पिशवी, दुसरा हात कोपरातून वर, पंजा उघडा, बोटं जराशी फाकलेली, आणि नजर थेट येणाऱ्या बाइकवाल्याच्या डोळ्यांत. ती थांबत नाही आणि पळतही नाही, एका लयीत चालत राहते. बाइकवाला ब्रेक मारत नाही, तो फक्त थोडा मागून काढतो. रिक्षावाला पुढून काढायला बघतो तर तिचा पंजा त्याच्याकडे वळतो आणि तो तोंडाने काहीतरी पुटपुटत थांबतो. मधे एक पीएमपी येते, तिथे मात्र बाई स्वतः थांबते, कारण बसशी पंगा घ्यायचा नसतो. पाच-सहा सेकंदांत तीन वेगवेगळे करार झाले, एकही नियमाच्या पुस्तकात नाही. आणि माणूस या खेळात जिंकतो ते समोरचा दगड नाही हे त्याला माहीत असतं म्हणून. डोळ्याला डोळा भिडला की समोरच्याने आपल्याला पाहिलंय हे कळतं.

ड्रायव्हरच नसलेल्या गाडीत डोळे कुठून आणायचे? यावर खरंच प्रयोग झालेत. फोर्डने व्हर्जिनिया टेकच्या लोकांबरोबर २०१७ मध्ये एका माणसाला गाडीच्या सीटचा वेष घालून बसवलं, म्हणजे बाहेरून वाटावं सीट रिकामं आहे, आणि काचेवर लाइटची पट्टी लावून लोकांना ती कळते का ते बघितलं. जॅग्वार लँड रोव्हरने तर गाडीला मोठाले गोल डोळे लावले जे चालणाऱ्याकडे वळून बघतात. गोड आहे. पण डोळे वळले म्हणजे गाडी थांबणार असा अर्थ झाला का? दहा कंपन्यांची दहा प्रकारची लाइट शिकायची जबाबदारी परत त्या भाजीच्या पिशवीवालीवरच.

आणि हीच तर यातली जुनी चाल आहे, जबाबदारी चालणाऱ्यावर सरकवायची. २०१८ मध्ये ॲन्ड्र्यू एनजी, एआय क्षेत्रातला मोठा माणूस, तेव्हा तो स्वतः एका सेल्फ-ड्रायव्हिंग कंपनीशी जोडलेला, म्हणाला होता की लोक स्प्रिंगच्या काठीवर उड्या मारत रस्ता क्रॉस करतील असले प्रश्न सोडवणारं एआय बनवत बसण्यापेक्षा सरकारला सोबत घेऊन लोकांनाच कायदा पाळायला सांगू. ऐकायला शहाणपणाचं वाटतं, पण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत हेच घडलंय. मोटारी आल्या तेव्हा रस्ता सगळ्यांचा होता, पोरं खेळायची, फेरीवाले उभे असायचे. १९२० च्या दशकात माणसं मरायला लागली, लोक मोटारींवर चिडले, तर मोटारवाल्यांनी जोर लावून प्रश्नच फिरवला की चूक चालणाऱ्याची आहे, आणि झेब्रा सोडून क्रॉस करणं हा गुन्हा झाला. तो गुन्हा आता कुठे मागे घेतला जातोय, कॅलिफोर्नियात २०२३ पासून धोका नसताना असं क्रॉस केलं तर पोलीस अडवू शकत नाहीत, न्यूयॉर्क शहरात २०२४ मध्ये कायदा बदलला. म्हणजे नेमकं जेव्हा माणसाला रस्ता थोडा परत मिळतोय तेव्हाच नवीन गाड्या येऊन म्हणणार, जरा कुंपण घालता का, आमच्या सॉफ्टवेअरला त्रास होतो.

बरं, नियम आंधळेपणाने पाळले म्हणजे प्रश्न सुटला असंही नाही. २ ऑक्टोबर २०२३, सॅन फ्रान्सिस्को. माणूस चालवत असलेल्या एका निसानने एका बाईला उडवलं आणि तो पळून गेला, ती फेकली गेली शेजारून चाललेल्या क्रूझ कंपनीच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सीपुढे. क्रूझने ब्रेक मारला, तरी धडक बसली, गाडी थांबली. इथपर्यंत कुणीही काही म्हणालं नसतं. मग सॉफ्टवेअरने ठरवलं की कुणीतरी बाजूने धडकलंय, आणि अपघात झाला की रस्ता न अडवता कडेला जायचं असा तिचा नियम, तर ती खाली अडकलेल्या बाईला घेऊन सुमारे वीस फूट फरफटत कडेला गेली. नियम चांगला होता. गाडीखाली माणूस असू शकतो हे तिच्या जगात नव्हतं इतकंच. कुठल्याही टेम्पोवाल्याला ओरडणं ऐकू आलं असतं, आजूबाजूच्यांनी बोनेटवर थापा मारल्या असत्या, क्लीनरने उतरून बघितलं असतं. क्रूझ बुडाली मात्र त्या वीस फुटांपेक्षा नंतरच्या लपवाछपवीमुळे, अधिकाऱ्यांना फरफटण्याची गोष्ट धड सांगितली नाही म्हणून. २४ ऑक्टोबरला परवाने गेले, ९५० गाड्यांचा रिकॉल निघाला, सीईओने राजीनामा दिला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये क्रूझची मालक कंपनी जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीला पैसे देणंच थांबवलं.

आता कुणीतरी म्हणणार, आणि बरोबर म्हणणार, की माणसं काय कमी मारतात का? भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ लोक मेले, त्यात ३२,८२५ पायी चालणारे. सरकारी आकडे आहेत हे. म्हणजे रोज सरासरी नव्वद माणसं नुसती चालता चालता मेली. दुसरीकडे वेमोच्या संशोधकांनी ५ कोटी ६७ लाख मैलांचा हिशेब मांडून दाखवलं की त्याच शहरांतल्या माणसांच्या ड्रायव्हिंगशी तुलना केली तर पादचारी जखमी होण्याचे अपघात ९२ टक्क्यांनी कमी. कंपनीचाच अभ्यास आहे, पण तपासून छापलेला आहे आणि मला तो खोटा वाटत नाही. मशीन दारू पीत नाही, रील बघत नाही, सिग्नलला पोलीस नाही म्हणून सुटत नाही. मी या गाड्यांच्या विरोधात नाहीच. पण सरासरी सुधारली म्हणून आकडे बघायचेच नाहीत हे मला पटत नाही. औषधानेही लाख लोक बरे होतात, म्हणून डोस किती ते कंपनीने गुपित ठेवलं तर चालेल का आपल्याला?

आणि सरासरीत कोण बसतं तेही बघावं लागतं. लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी २०२३ मध्ये पादचारी ओळखणाऱ्या सिस्टीम तपासल्या, तर मोठ्या माणसांच्या तुलनेत लहान मुलं ओळखण्यात जवळजवळ वीस टक्क्यांचा फरक, आणि काळ्या कातडीच्या लोकांना ओळखण्यात साडेसात टक्क्यांचा. उजेड कमी झाला की वर्णाचा फरक आणखी वाढतो. ते वाचूनच मला आपले रस्ते आठवले. ऊसतोडीच्या हंगामात रात्री सांगली-कोल्हापूरकडे जाऊन बघा, बैलगाड्यांची रांग, मागे रिफ्लेक्टर असला तर नशीब, बाजूने डोक्यावर उसाच्या वाढ्यांचा भारा घेतलेल्या बाया, कडेवर पोर. डोकं दिसत नाही, हात दिसत नाहीत, नुसता चालणारा भारा. टेम्पीच्या गाडीला सायकल धरून चालणारी एक बाई कळली नाही, तिला हे काय कळणार आहे? किंवा आषाढीच्या वाटेवरची, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली माउली, तिला लेबल काय लावणार, 'इतर'?

या बाबतीत आपल्याकडे काहीच काम झालं नाही असं नाही. या सिस्टीमना शिकवायला बरेच जण जर्मनीतल्या स्वच्छ रस्त्यांचे फोटो वापरायचे, तर हैदराबादच्या आयआयआयटीने २०१८ च्या सुमारास हैदराबाद-बंगळूरच्या रस्त्यांवरून दहा हजार चित्रांचा संग्रह केला, त्यात रिक्षा हा वेगळा प्रकार आहे, जनावर वेगळं आहे, आणि रस्ता संपून माती कुठे सुरू होते याचीही नोंद आहे, कारण आपल्याकडे मातीवरूनही गाडी जातेच. भोपाळच्या 'स्वायत्त रोबोट्स' नावाच्या कंपनीचे लोक बोलेरो घेऊन याच गोंधळात गाडी चालवून दाखवतायत. हुशार लोक आहेत.

सरकारचं मात्र भलतंच चाललंय. नितीन गडकरी २०१७ पासून सांगतात, आणि २०२३ च्या डिसेंबरात नागपूरच्या आयआयएममध्ये परत सांगितलं, की ड्रायव्हरशिवायच्या गाड्या मी भारतात येऊ देणार नाही, लाखो ड्रायव्हरांच्या पोटाचा प्रश्न आहे. पोटाचा प्रश्न खराच आहे, त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. पण त्यामुळे एक गोड समजूत पसरलीय की हे संकट दारात अडवलंय. अडवलेलं नाहीये. ते ॲडास, म्हणजे ड्रायव्हरला मदत करणारी सिस्टीम, या नावाने शोरूममधून कधीच आत आलंय. २०२१ मध्ये चाकणच्या एक्सयूव्ही ७०० ने ते मध्यमवर्गाच्या बजेटमध्ये आणलं, आता गल्लीतल्या चौथ्या गाडीत सापडतं. समोर माणूस आला तर गाडी स्वतः ब्रेक मारते. म्हणजे कुणासाठी मारायचा, किती खात्री झाल्यावर मारायचा, हे निर्णय आत्ता, कर्वे रोडवर, मशीन घेतंय. स्टीअरिंगमागे माणूस बसलाय म्हणून आपण ते मोजत नाही, बस.

आणि गंमत पुढे आहे. आपल्या ट्रॅफिकमध्ये बाइकवाला हातभर अंतरावरून घुसतो, सिस्टीमला वाटतं आता धडकणार, ती कचकन ब्रेक मारते, मागचा येऊन ठोकता ठोकता वाचतो. मग मालक काय करतो, मेनूत जाऊन ते बंद करतो, किंवा उशिरात उशिरा वॉर्निंग देईल अशा सेटिंगवर टाकतो. कितीतरी जण शहरात असंच चालवतात आणि युट्यूबवर एकमेकांना तसाच सल्ला देतात. टेम्पीमध्ये उबरने जे केलं तेच, फक्त इथे ते प्रत्येक जण आपापल्या बोटाने करतो. जिथे चालणारे सगळ्यात जास्त तिथेच चालणाऱ्यांसाठीचा ब्रेक बंद. मालकाला दोष देऊन उपयोग नाही, परदेशच्या रस्त्यावर सेट केलेला आकडा इथे आणून लावला की हेच होणार.

तर माझी मागणी साधी आहे. गाडीला रस्त्यावर परवानगी देताना कंपनीने लिहून द्यावं की माणूस असण्याची किती खात्री झाली की तुमची गाडी ब्रेक मारते, कुठल्या वेगापर्यंत, रात्री किती, आणि उगाच मारलेला ब्रेक कमी करायला तुम्ही कुठे काय दाबून ठेवलंय. अपडेट आला आणि हे बदललं तर ते परत सांगावं. मोबिलाय या इस्रायली कंपनीने २०१७ मध्ये आपली सुरक्षित अंतराची सूत्रंच छापून टाकली, त्यातला एक नियम असा की रस्त्याचा हक्क समोरचा देतो तेव्हा घ्यायचा, ओढून घ्यायचा नाही, आणि दुसरा की जिथे दिसत नाही तिथे कुणीतरी असेल असं धरून चालायचं, उदाहरणार्थ उभ्या बसच्या आडून पोरगं येईल असं. त्यांचीच सूत्रं बरोबर असं नाही, पण छापली म्हणून जगभरच्या लोकांना त्यांच्यातल्या चुका तरी काढता आल्या. कुणी म्हणेल हे व्यापारी गुपित आहे. मग गुपित ठेवा आणि खासगी ट्रॅकवर चालवा, हरकत नाही.

जबाबदारीचंही तसंच. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी चुकीचा यू-टर्न घेणारी वेमो अडवली, आत कुणीच नाही, आणि पावती फाडायची सोय नाही, कारण पावतीत रोबोसाठी रकानाच नव्हता. तिथे २०२४ मध्येच कायदा केलाय की जुलै २०२६ पासून पोलिसांनी कंपनीला नोटीस द्यायची. आपल्याकडे ई-चलान गाडीच्या मालकाला जातं आणि निष्काळजीपणाने मृत्यू झाला तर गुन्हा चालवणाऱ्यावर. ब्रेक सॉफ्टवेअरने मारला नाही तर चालवणारा कोण, हे कुठेच लिहिलेलं नाही, आणि पहिली केस उभी राहील तेव्हा टेम्पीसारखंच होईल, सीटवर जो सापडेल तो आरोपी.

सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये सांगितलं की फूटपाथ हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, न्यायमूर्ती अभय ओक त्या खंडपीठावर होते. चांगलंच झालं. पण फूटपाथवर पार्किंग, टपरी आणि ट्रान्सफॉर्मर असताना माणूस रस्त्यावरच चालणार आहे अजून बरीच वर्षं, तेव्हा गाडी त्याला रस्त्यावर धरूनच तपासायला हवी. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप ही गाड्यांच्या सुरक्षेची तपासणी आहे, शोरूममध्ये पाच स्टार पाच स्टार म्हणून मिरवतात, ते स्टार मुख्यतः आत बसलेले किती वाचतील यासाठी असतात. त्याच तपासणीत रात्रीच्या अंधारात डोक्यावर भारा घेतलेला पुतळा, साडीतला पुतळा, हात वर करून मधेच चालणारा पुतळा, आणि हातगाडी ढकलणारा एक, असे चार उभे करा, त्यांच्यासाठी गाडी कितव्या मीटरवर थांबली तो आकडा स्टारच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा, आणि शहरातल्या ट्रॅफिकमध्ये दहा किलोमीटरला तिने किती वेळा उगाच ब्रेक मारला तेही त्याच्या खाली.